नेतृत्वाविषयीचा अपेक्षाभंग आणि कर्मचाऱ्यांचे कार्यवर्तन : उजनी धरणाकाठच्या गावांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : नेतृत्व, अपेक्षाभंग, मानसशास्त्रीय करार, सहकारी साखर कारखाना, एसटी कर्मचारी, उजनी

प्रस्तावना

भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी येथे बांधण्यात आलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या जलाशयास 'यशवंतसागर' असे नाव आहे. धरणाच्या फुगवट्याखाली सोलापूर, पुणे आणि तत्कालीन अहमदनगर या तीन जिल्ह्यांतील गावे व शिवारे गेली. पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर उन्हाळ्यात पाणी ओसरले की आजही उघडे पडते. उजनीसंबंधीचे लेखन प्रामुख्याने विस्थापन, पाणीवाटप आणि ऊसशेती या तीन विषयांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु कंदर, वांगी, चिखलठाण, कुगाव, केत्तूर, पळसदेव, कळाशी या गावांतून शेतकऱ्याबरोबर पगारदारही राहतो, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. साखर कारखान्यातील फायरमन, गटऑफिसातील चिटबॉय, एसटीचा चालक आणि वाहक, पतसंस्थेतील लिपिक, विनाअनुदानित शाळेतील शिक्षक अशी ही मंडळी आहेत. त्यांच्या घरी शेती असते. तरीही घराचा किराणा, मुलांची फी आणि म्हाताऱ्यांची औषधे पगारावर चालतात.

आपल्या वरिष्ठाकडून किंवा नेत्याकडून कर्मचाऱ्याने बाळगलेली अपेक्षा पूर्ण झाली नाही, तर त्याच्या कामावरील वागणुकीत कोणता बदल होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'समाधान घटते आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण वाढते' असे दिलेले असते. धरणाकाठच्या गावांना हे उत्तर अर्धेच लागू पडते. येथे नोकरी सहसा सुटत नाही. माणूस नोकरीवर राहतो, हजेरीपटावर त्याची सही असते, मात्र त्याचे लक्ष कामातून हळूहळू निघून जाते. आणि हा बदल ज्याच्या नजरेस प्रथम यावयास हवा, त्या नेत्यालाच तो सर्वांत शेवटी कळतो. असे का होते, हे पुढे पाहावयाचे आहे.

अलिखित करार

अमेरिकन अभ्यासक क्रिस अर्जिरिस यांनी १९६० मध्ये कामगार आणि फोरमन यांच्यातील संबंधांचे वर्णन करताना 'मानसशास्त्रीय करार' ही संज्ञा वापरली. फोरमनने कामगारांच्या रीतिभातीत ढवळाढवळ करू नये, रास्त मजुरी मिळेल असे पाहावे आणि कामगारांनी उत्पादन टिकवावे, असा तो न बोललेला समझोता होता. हॅरी लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये हीच कल्पना पुढे नेली. पुढे १९८९ मध्ये डेनिस रूसो यांनी या कराराचे स्थान व्यक्तीच्या मनात आहे, असे मांडले. म्हणजे दुसऱ्या पक्षाला अशा कराराची कल्पना नसली, तरी पहिल्याच्या दृष्टीने तो झालेलाच असतो. ही बारीकशी वाटणारी दुरुस्ती फार महत्त्वाची आहे. लिखित कराराच्या दोन प्रती असतात आणि त्या ताडून पाहता येतात. मनातल्या कराराच्या प्रतीही दोनच, परंतु त्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही.

एलिझाबेथ मॉरिसन आणि सँड्रा रॉबिन्सन यांनी १९९७ मध्ये केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. वचन पाळले गेले नाही हे बुद्धीला कळणे वेगळे आणि त्यामुळे मनात फसवणुकीचा संताप उसळणे वेगळे. पहिल्या अवस्थेतून दुसरी निर्माण होईलच असे नाही. ते कर्मचारी घडल्या प्रकाराचा अर्थ कसा लावतो यावर अवलंबून असते. वचनभंगाची कारणेही त्यांनी दोन प्रकारची मानली : नेत्याने जाणूनबुजून शब्द मोडणे, आणि एकाच शब्दाचा दोघांनी वेगवेगळा अर्थ घेणे. आपल्याकडील बहुतेक उदाहरणे या दुसऱ्या प्रकारात मोडतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याचा पुरावा नित्याच्या भाषेत मिळतो. आपल्या भागात नेता सहसा 'नाही' म्हणत नाही. रोजंदारीवरील मुलाला हंगामी करण्याची किंवा हंगामी कामगाराला कायम करण्याची विनंती घेऊन कोणी गेला, तर उत्तर मिळते, 'बघू'. कधी 'करू की', कधी 'काळजी करू नको'. नेत्याच्या कोशात 'बघू' हा सभ्य नकार आहे. दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणू नये, या संस्काराचा तो भाग आहे. विनंती करणाऱ्याच्या कोशात मात्र तोच शब्द होकाराचा पहिला हप्ता ठरतो. तो घरी येऊन सांगतो, 'साहेबांनी शब्द दिलाय.' त्या शब्दावर घरात बेत ठरतात, मुलीच्या स्थळाला होकार जातो, पतसंस्थेचे कर्ज उचलले जाते. दोन-तीन हंगाम उलटल्यावर कर्मचाऱ्याच्या लेखी वचन मोडलेले असते आणि नेत्याच्या लेखी ते कधी दिलेलेच नसते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, म्हणूनच हा तंटा मिटविणे अवघड जाते.

धरणाकाठी अपेक्षा कशी घडते

अपेक्षाभंगाचा विचार करण्यापूर्वी अपेक्षा येते कोठून हे पाहिले पाहिजे. शहरातील कंपनीत ती जाहिरात, मुलाखत आणि नियुक्तिपत्र यांतून तयार होते. येथे तिचा उगम जमिनीत आहे. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबाला पुनर्वसनात जमीन मिळाली तरी पुढच्या पिढीला नोकरीची आस राहिली. प्रकल्पग्रस्तांसाठी शासकीय सेवेत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला त्यामुळे घरातील ट्रंकेत जपून ठेवला जातो. आपण काही दिले आहे, त्याची परतफेड व्हावयाची आहे, ही भावना त्या कागदाइतकीच जपली जाते. कर्मचारी होण्यापूर्वीच माणूस कोणाचा तरी सावकार असतो.

पाणी आल्यावर ज्वारीच्या शिवारात ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. करमाळा तालुक्यातील आदिनाथ आणि मकाई, माढ्यातील विठ्ठलराव शिंदे, इंदापुरातील कर्मयोगी ही सहकारी कारखान्यांची नावे या पट्ट्यात घरोघरी माहीत आहेत. सहकारी कारखान्याच्या अध्यक्षाची निवड ऊस-उत्पादक सभासदांच्या मतांवर होते. अनेकदा तोच तालुक्याचा राजकीय नेताही असतो. त्याला कोणी पदनामाने हाक मारीत नाही. दादा, मामा, आबा, भाऊ अशी त्याची संबोधने असतात. नात्याच्या शब्दाबरोबर नात्याच्या अपेक्षाही येतात. 'अध्यक्ष महोदय' पगार उशिरा देऊ शकतात, मामांनी तसे करणे बरे दिसत नाही.

भारतीय मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये मांडलेली 'पोषक कार्यनिष्ठ' नेतृत्वाची संकल्पना येथे आठवते. भारतीय कर्मचाऱ्याला वरिष्ठाकडून जिव्हाळा, आधार आणि मार्गदर्शन हवे असते, तेव्हा जो नेता मायेने वागतो पण ती माया कामाशी बांधून ठेवतो तो येथे अधिक परिणामकारक ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जो काम करील त्याला आधार, ही त्यातील अट विसरून चालणार नाही. धरणाकाठच्या संस्थांत पोषणाचा भाग भरपूर आढळतो. नेता कर्मचाऱ्याच्या घरच्या लग्नात अक्षता टाकतो, दहाव्याला हजर राहतो, पुण्याच्या रुग्णालयात खाट मिळवून देतो. कामाशी या मायेचा संबंध मात्र तुटलेला असतो. ती गट, गाव आणि मतदान पाहून वाटली जाते. बारा तास बॉयलरपुढे उभा राहणारा आणि पाळीत झोपा काढणारा, या दोघांच्याही घरच्या कार्याला नेता सारखाच येतो. पहिल्याच्या मनात त्याच दिवसापासून काही तरी निसटू लागते.

नोकरी न सोडता निघून जाणे

आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये असंतुष्ट माणसापुढील तीन वाटा सांगितल्या : सोडून जाणे, आवाज उठविणे आणि निष्ठेने थांबणे. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांत चौथी वाट जोडली, ती दुर्लक्षाची. धरणाकाठच्या पगारदाराची कोंडी समजून घेण्यास ही चौकट पुरेशी आहे, फक्त प्रत्येक वाटेवर येथे कोणता अडसर आहे ते पाहावे लागते.

सोडून जाण्याची वाट थकबाकीने अडविलेली असते. पगाराचे महिने थकले, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा अडला, की नोकरी सोडणे म्हणजे आपल्याच पैशावर पाणी सोडणे, असे कर्मचाऱ्यास वाटू लागते. जितकी थकबाकी अधिक तितकी बेडी घट्ट. वयाच्या पंचेचाळिशीत पॅन मनचे कौशल्य घेऊन तो जाणार तरी कोठे? दुसरा कारखाना दहा-वीस कोसांवर असतो, पण त्याची अवस्था फार निराळी असेलच असे नाही.

आवाज उठविण्याच्या वाटेवरील अडसर अधिक गुंतागुंतीचा आहे. एकाच घरात बाप कारखान्याचा सभासद असतो आणि मुलगा कामगार. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार बापाच्या उसाचे पैसे १४ दिवसांत मिळावयास हवेत. मुलाचा पगार महिन्याला व्हावयास हवा. साखर विकून आलेल्या पैशातून आधी बँकेचे मालतारण कर्ज वळते होते, उरलेल्यावर उसाचे बिल आणि पगार या दोघांचा डोळा असतो. बापाचे बिल आधी निघाले की मुलाचा पगार लांबतो. अशा वेळी फाटकासमोर घोषणा द्यावयाच्या त्या कोणाविरुद्ध? मुलाची तक्रार कामगार आयुक्तांकडे जाण्याऐवजी बापाच्या मतपत्रिकेत जाते. कारखान्याची पंचवार्षिक निवडणूक हीच मग तक्रारपेटी बनते. परंतु ती पाच वर्षांतून एकदा उघडते, आणि उघडली तरी आतील चिठ्ठीवर 'पगार' असे न लिहिता 'गट' असे लिहिलेले असते. सत्तांतर झाले की नवे संचालक ते आपल्या गटाचे यश मानतात. तीन पाळ्यांतील कामगाराला काय म्हणावयाचे होते, ते तसेच राहून जाते.

राहता राहिली दुर्लक्षाची वाट. ती रुंद आहे, सोयीची आहे आणि घरापासून जवळ आहे. जलाशयाच्या काठाला मोटार टाकून उसाला, अलीकडे केळीला पाणी देता येते. रात्रपाळी करून सकाळी शेतावर जाणारा माणूस पगार वेळेवर असताना पाळीला प्राधान्य देतो. पगार थांबला की क्रम उलटतो. दिवसभर शेतावर राबून तो रात्री कारखान्यात विश्रांतीला येतो. हजेरी पूर्ण भरते. त्याला कामचुकार म्हणणे सोपे आहे, पण त्याचा हिशेब चोख आहे. जेथे मोबदला मिळतो तेथे तो शक्ती लावतो.

साखर कारखान्यातील अनेक कामे अशी आहेत की ती 'झाली' आणि 'नीट झाली' यांतील फरक लागलीच दिसत नाही. बॉयलरवरील फायरमनने वाफेचा दाब काट्यावर राखला तर गिरण्या एका लयीत चालतात, नजर हलली की दाब पडतो आणि गाळप अडखळते. गिरणीवर सोडावयाचे पाणी कमी पडले तर बगॅसबरोबर साखर निघून जाते. पॅन मनने दाणा धरण्याची वेळ चुकविली तर पोत्यात भुकटी वाढते. यांपैकी कोणत्याही कामाची सक्ती करता येत नाही. नियमपुस्तिकेत 'दाबाकडे लक्ष ठेवावे' एवढेच लिहिता येते, लक्ष ठेवण्याची इच्छा लिहून देता येत नाही. डेनिस ऑर्गन यांनी १९८८ मध्ये कर्तव्याच्या चौकटीपलीकडील अशा स्वेच्छेच्या वर्तनाचे महत्त्व मांडले होते. अपेक्षाभंगाचा पहिला घाव त्यावरच पडतो, कारण ते थांबविले तरी कोणाला शिक्षा करता येत नाही. 'सांगितलं तेवढं केलं' हे वाक्य पाळीत वारंवार ऐकू येऊ लागले, की अनुभवी चीफ इंजिनिअर काय ते ओळखतो.

येथे काळाचाही एक घोळ आहे, आणि तो विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पगार प्रामुख्याने थकतात ते हंगाम संपल्यावर, कारण तेव्हा हाती येणारा पैसा आटतो. याच महिन्यांत यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती चालते. गिरण्या उघडल्या जातात, रोलर, बेअरिंगा, पंप, नळ्या तपासल्या जातात. जून-जुलैत मन मारून बसविलेली बेअरिंग जुलैत बिघडत नाही. ती ऐन गळितात, डिसेंबरात गरम होते. त्या वेळी कदाचित पगार सुरू झालेले असतात, मोळी टाकण्याचा समारंभ थाटात पार पडलेला असतो, आणि अध्यक्ष विचारतात, 'सगळं दिलं, तरी कारखाना बंद का पडतो?' कारण आणि परिणाम यांच्यात पाच-सहा महिन्यांचे अंतर पडल्यामुळे त्यांचा संबंध कोणी लावीत नाही. दोष सुट्या भागांच्या प्रतीला दिला जातो, कधी ठेकेदाराला.

हीच गोष्ट राज्य पातळीवरील वेतनकरारांत मोठ्या प्रमाणावर दिसते. साखर कामगारांचा पूर्वीचा करार ३१ मार्च २०१९ रोजी संपला. नवा, १२ टक्के वाढीचा, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ठरला. तो ३१ मार्च २०२४ रोजी संपला आणि १० टक्के वाढीचा पुढचा निर्णय जुलै २०२५ मध्ये झाला. वाढ मागील तारखेपासून लागू होते हे खरे. पण प्रत्येक वेळी सव्वा ते अडीच वर्षे कामगार जुन्या दराने काम करीत नव्या आकड्याची वाट पाहतो. वाट पाहण्याच्या या काळात मनातला आकडा वाढत जातो, आणि प्रत्यक्ष आकडा जाहीर होतो तो वाढ असूनही घट वाटतो. लायमन पोर्टर आणि रिचर्ड स्टीअर्स यांनी १९७३ मध्ये दाखविले होते की माणूस मिळाले किती हे अपेक्षा किती होती त्याच्या जोडीने मोजतो. दोन वर्षांचे मौन ही अपेक्षा फुगविण्याची उत्तम रीत आहे.

एसटीचा संप : नेते बदलत गेले तेव्हा

कारखान्यातील अपेक्षाभंग मुका असतो. तोच बोलू लागला तर काय होते, याचे उदाहरण २०२१-२२ च्या एसटी संपाने महाराष्ट्रापुढे ठेवले. करमाळा, कुर्डूवाडी आणि इंदापूर या आगारांच्या गाड्यांवर धरणाकाठची गावे अवलंबून आहेत. करोनानंतर महाविद्यालये ऑक्टोबर २०२१ मध्ये कोठे उघडतात तोच गाड्या थांबल्या. ग्रामीण भागातील प्राध्यापकांना त्या महिन्यांतील रिकामे वर्ग आठवत असतील.

या संपाची पूर्वपीठिका २०१८ मध्ये आहे. १ जून २०१८ रोजी एसटी कर्मचाऱ्यांसाठी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर झाली. आकडा डोळे दिपविणारा होता. आपल्या वाट्याला त्यांतून काय येणार याचा हिशेब आगाराआगारांत मांडला गेला आणि आठवडाभरात, ८ व ९ जून रोजी, पूर्वसूचनेशिवाय काम बंद पडले. एकत्रित आकडा जाहीर करणाऱ्याला तो औदार्याचा वाटतो. ऐकणारा त्याला कर्मचारीसंख्येने भागतो, आणि भागाकाराचे उत्तर घोषणेच्या आवाजाशी जुळत नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीचे उपोषण महागाई भत्ता आणि घरभाड्याच्या आश्वासनावर सुटले. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे प्रकरण तेथे संपावयास हवे होते. पण अनेक आगारांतील कर्मचारी कामावर परतलेच नाहीत. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण ही एकच मागणी पुढे आली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातील सुमारे २५० आगारे बंद झाली. नव्वद हजारांवर कर्मचाऱ्यांच्या या संपात मान्यताप्राप्त संघटना पाहतच राहिली. पुढे जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. संपकऱ्यांच्या बाजूने आझाद मैदानावर उतरलेले गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत यांनी २४ नोव्हेंबरच्या वेतनवाढीनंतर आपला सहभाग थांबविला, तरी कर्मचारी थांबले नाहीत. २० डिसेंबर रोजी एका संघटनेच्या नेत्याने संप मागे घेतल्याचे जाहीर केले, तेव्हाही आगारे उघडली नाहीत. मग नेतृत्व ॲड. गुणरत्न सदावर्ते यांच्याकडे एकवटले.

प्रत्येक नेत्याने तडजोड स्वीकारताच कर्मचाऱ्यांनी तडजोड नाकारली आणि नेताही नाकारला. याला हट्ट म्हणण्यापूर्वी मॉरिसन-रॉबिन्सन यांचा भेद आठवावा. वेतनवाढ नाकारण्याजोगी नव्हती. एक ते दहा वर्षे सेवा असलेल्यांना मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे सेवेला ४,००० आणि त्याहून अधिक सेवेला २,५०० रुपये अशी ती होती. परंतु संताप एकदा 'आपल्याला पुन्हा फसविले जाईल' या समजुतीवर उभा राहिला की वाढीव रक्कम ही त्या समजुतीचाच पुरावा वाटू लागते. शिवाय या वाढीत ज्याने आयुष्य एसटीत घालविले त्याला सर्वांत कमी मिळत होते. कनिष्ठांचे वेतन फारच तोकडे असल्यामुळे ही रचना तर्कशुद्ध होती. तरीही जॉन स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ मध्ये सांगितल्याप्रमाणे माणूस आपले ताट शेजारच्या ताटाशी ताडून पाहतो, आणि वीस-पंचवीस वर्षे मुक्कामाच्या गाड्या चालविलेल्या चालकाला ते ताट नेमके अपमानकारक वाटले.

मुंबई उच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२२ रोजी कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर परतण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी काही संपकऱ्यांचा जमाव शरद पवार यांच्या मुंबईतील निवासस्थानावर चालून गेला, तेथे दगड आणि चपला फेकल्या गेल्या. शंभराहून अधिक जणांना अटक झाली. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. अभ्यासकाला मात्र एक प्रश्न विचारावाच लागतो : महामंडळाचा कारभार, परिवहन खाते, मुख्यमंत्रिपद यांपैकी काहीही ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्या दारी हा राग का गेला? अधिकारपदांची उतरंड येथे लागू पडत नाही. सर्वाधिक अपेक्षा ज्यांच्याकडून होती, 'यांनी मनात आणले तर होईल' असे ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षे मानले गेले, त्यांच्याकडे राग वळला. जबाबदारी कायद्याने ठरते, अपेक्षाभंगाचा धनी कोण हे समजूत ठरविते. कारखान्याच्या फाटकावर जो प्रकार दबक्या आवाजात चालतो, तोच येथे राज्याच्या राजधानीत उघडपणे घडला.

संप संपला, विलीनीकरण झाले नाही. त्यानंतर ३ सप्टेंबर २०२४ रोजी, गणेशोत्सवाच्या तोंडावर, एसटी पुन्हा थांबली आणि दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. ठरले ते असे की २०२१ मध्ये ५,००० मिळालेल्यांना आणखी १,५००, ४,००० वाल्यांना २,५०० आणि २,५०० वाल्यांना ४,००० द्यावयाचे, म्हणजे सर्वांची वाढ सरसकट ६,५०० होईल. गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या प्रवाशांचा रेटा आणि जवळ आलेली विधानसभा निवडणूक यांचा त्यात वाटा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण २०१८ चा कोट्यवधींचा आकडा आणि २०२४ चा साधा चार आकडी भेद शेजारी ठेवून पाहावा. दुसऱ्या आकड्याचा अर्थ लावण्यास कोणाला भागाकार करावा लागला नाही. आणि तीन वर्षे मनात सलत असलेली जुनी विषमता त्याने नाव न घेता दुरुस्त केली.

आपल्या घरातील गोष्ट

हा सर्व विषय कारखान्याचा आणि एसटीचा आहे असे समजून प्राध्यापक वाचकांनी निश्चिंत होऊ नये. तासिका तत्त्वावर काम करणारा आपला तरुण सहकारी याच वाटेवरचा प्रवासी आहे. 'एवढं वर्ष काढा, जागा निघाली की पहिला विचार तुमचाच' हे वाक्य 'बघू' या शब्दाचेच पदवीधर रूप आहे. प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात असे वाक्य आठ वर्षे ऐकलेल्या एका शिक्षकास पाहिले आहे. आरंभी तो ग्रंथालयात उशिरापर्यंत बसे, विद्यार्थ्यांची वक्तृत्वाची तयारी करून घेई. शेवटच्या वर्षांत तो घड्याळाप्रमाणे येऊ-जाऊ लागला. त्याच्या तासिकांची नोंदवही निर्दोष होती. मूल्यांकन समितीला तीत एकही त्रुटी आढळली नसती.

त्या आठ वर्षांत कोणी त्याला स्पष्ट सांगितले असते की जागेला मान्यता मिळण्याची शक्यता नाही, तर तो दुखावला असता. कदाचित निघूनही गेला असता. संस्थेला ते नको होते, म्हणून ते सांगितले गेले नाही. नेत्याचे मौन पुष्कळदा दयेपोटी असते असे आपण मानतो. त्यात सोयही असते.

पुढील अभ्यासासाठी एक सूचना

या विषयावरील आपल्याकडील संशोधन बहुधा प्रश्नावलीवर थांबते. 'तुम्ही तुमच्या वरिष्ठांविषयी समाधानी आहात का?' या प्रश्नाला धरणाकाठच्या गावातील कर्मचारी 'होय' असेच उत्तर देईल. मामांविषयी कागदावर वाईट कोण लिहील? त्यापेक्षा कारखान्याच्या दप्तरात आधीच पडून असलेल्या नोंदी अधिक बोलतात. पगार कोणत्या तारखेला झाले याची नोंद लेखा विभागात असते. गाळप किती तास व कशामुळे बंद राहिले याची नोंद अभियांत्रिकी विभाग दररोज ठेवतो, बगॅसमधून गेलेल्या साखरेचे प्रमाण प्रयोगशाळेत दर पाळीला काढले जाते. बिगरहंगामातील थकलेले महिने एका रकान्यात आणि पुढील हंगामातील बंद तास दुसऱ्या रकान्यात, असा दहा-बारा वर्षांचा तक्ता एखाद्या कारखान्यापुरता जरी मांडला, तरी वर केलेल्या प्रतिपादनाची परीक्षा होऊ शकेल. आपल्या वर्गात याच गावांतील, याच कारखान्यांतील कामगारांची मुले बसलेली आहेत. प्रकल्पलेखनासाठी त्यांना अन्यत्र पाठविण्याचे कारण नाही. ही तिन्ही दप्तरे एकाच आवारात, फार तर शंभर पावलांच्या अंतरावर आहेत, आणि ती एकत्र करून पाहण्यास कोणत्याही विभागास आजवर निमित्त मिळालेले नाही.